वहीतले चाळीस दात

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, व्यवसाय दातांची डॉक्टरी व दंत महाविद्यालयात अध्यापन, सध्या निवृत्त, हे माझे शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. अकरा वर्षांपूर्वी केलेले दोन पानी मृत्युपत्र याने रद्द झाले असे समजावे. ते फार नीटनेटके होते. त्यात एकही वाक्य खोटे नव्हते, फक्त सांगण्यासारखे जे होते ते त्यात नव्हते.

वकीलबाईंनी मला आधीच बजावले होते. "सर, कुणाला काय द्यायचं तेवढंच लिहा. कारणं लिहिली की मागे भांडणं लागतात."

"भांडायला उरलंय कोण?" मी विचारले.

त्यांनी पेनाला टोपण लावले. "मग लिहा. पण कलमं पाडून लिहा, म्हणजे मला शोधायला सोपं जाईल."

म्हणून कलमे पाडली आहेत.

कलम एक. प्रकृती.

माझ्या जिभेच्या डाव्या कडेला कर्करोग आहे. तो पहिल्यांदा मीच पाहिला, दाढी करताना, आरशात. पंधरा दिवसांत न भरणाऱ्या तोंडातल्या जखमेचा तुकडा तपासणीला पाठवायचा, हे मी एकतीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो. स्वतःच्या बाबतीत मात्र चार महिने दाढेच्या टोकाला दोष देत राहिलो. आता अर्धी जीभ आणि जबड्याचा एक भाग काढावा लागेल. पुढे बोलता येईल की नाही, याची हमी शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर देत नाहीत. हे डॉक्टर माझेच विद्यार्थी. त्यांच्या शिकतानाच्या केसवहीवर माझी सही आहे आणि ती खोटी आहे. त्याचा खुलासा कलम चारमध्ये येईल. आमच्याकडून पदवी घेतल्यावर ते सरकारी रुग्णालयात गेले आणि चार वर्षे अगदी पहिल्यापासून शिकले, म्हणून मी त्यांच्या हाती मान देतो आहे.

डोके शाबूत आहे. हात थोडा कापतो, तो वयाने. दाखला सोबत जोडला आहे.

कलम दोन. राहते घर व घरातल्या वस्तू.

पहिल्या मजल्यावरचे तीन खोल्यांचे घर माझ्या एकुलत्या एका मुलीला, पूर्ण मालकीहक्काने. तिने ते नको म्हणून सांगितले आहे. तरी देतो. तिने ते विकावे, भाड्याने द्यावे किंवा कुलूप लावून ठेवावे. तिला कोणी जाब विचारू नये.

माझ्या धाकट्या भावाने तर मुळीच विचारू नये. माझी पत्नी गेली त्या दिवशी, तिला अजून घरातून नेलेही नव्हते तेव्हा, तो जिन्यात उभा राहून माझ्या मुलीला म्हणाला, "तुझ्याच काळजीने गेली वहिनी." मी दोन पायऱ्या वर उभा होतो. ऐकले आणि कठड्यावर हात ठेवून तसाच उभा राहिलो. भावाला दिवाणखान्यातले भिंतीवरचे घड्याळ द्यावे, कारण ते त्याने तीनदा मागितले आहे. त्यापलीकडे काही नाही.

स्वयंपाक करणाऱ्या मावशींना फ्रिज, शेगडी, सगळी भांडी आणि बँकेतल्या ठेवीचा अर्धा भाग. उरलेला अर्धा मुलीला. गेले तीन महिने मावशी मला सगळे पातळ करून वाढतात आणि रोज विचारतात, "मीठ बरोबर आहे ना?" मला चव कळत नाही हे त्यांना ठाऊक आहे. तरी विचारतात.

कपाटाच्या खालच्या खणात नकाशांची गुंडाळी आहे. मुलगी शाळेत असताना आईची मोजपट्टी घेऊन गल्ली मोजत फिरायची आणि घरी येऊन तिचा नकाशा काढायची. कोणत्या घराची पायरी रस्त्यावर किती पुढे आली आहे हे तिला पालिकेपेक्षा जास्त माहीत होते. ते नकाशे तिचेच आहेत. मी देणारा कोण?

कलम तीन. माझे भाषण व त्यातली दुरुस्ती.

सरकारी नोकरी सोडून मी एका खासगी दंत महाविद्यालयात गेलो. तिथे शिकवण्याबरोबर आणखी एक काम माझ्याकडे आले. बारावीच्या मुलांसमोर 'दंतवैद्यकातील करिअरच्या वाटा' या विषयावर बोलायचे, आणि जागा भरायला मदत करायची. अकरा वर्षांत सेहेचाळीस शाळा झाल्या. पडद्यावर आठ चित्रे दाखवायचो. स्वतःचा दवाखाना, सरकारी नोकरी, सैन्यदल, अध्यापन, संशोधन, वाकडे दात सरळ करण्याचे शास्त्र, परदेश. आठवे चित्र कवळ्या बनवणाऱ्या कारागिराचे. तिथे मी थांबून म्हणायचो, "आणि यातलं काहीच ज्याला जमणार नाही, त्याने बसून कवळ्या घासाव्यात!" सगळा वर्ग हसायचा. "हसतील त्यांचे दात दिसतील," असे मी पुढे जोडायचो, की पुन्हा हशा.

आमच्या शेजारी राहणाऱ्या मुख्याध्यापिकाबाईंच्या शाळेत हे भाषण झाले तेव्हा माझी मुलगी दुसऱ्या बाकावर होती. ती हसली की नाही हे मी पाहिले नाही. संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, मला मोजणी शिकायचीय. जमिनीची."

"उन्हातान्हात खांब खांद्यावर घेऊन फिरणार? इथे सगळं तयार आहे तुझ्यासाठी."

तिची आई आतून म्हणाली, "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. तिला आवडतं ते करू दे की."

"आपलं पोट कशावर भरतंय मग?" मी म्हणालो, आणि विषय संपवला. मुलगी माझ्याच महाविद्यालयात दाखल झाली.

त्या भाषणाची दुरुस्ती अशी. मुख्याध्यापिकाबाईंनी ती शाळेत वाचून दाखवावी, ही विनंती.

मुलांनो, धंदा चांगला आहे. तीन दिवस ठणक्याने हैराण झालेला माणूस तुमच्या खुर्चीतून उठतो, गालाला हात लावून बघतो आणि "गेली हो कळ" म्हणतो. ते ऐकण्यासाठी आयुष्य घालवायला हरकत नाही. पण प्रवेश घेण्याआधी एखाद्या साध्या मंगळवारी, न सांगता, त्या महाविद्यालयात जा. आधी खुर्च्या मोजा, मग त्यांवर बसलेली माणसे मोजा. खुर्चीशेजारचे थुंकीपात्र कोरडे असेल तर परत फिरा. शेवटच्या वर्षाच्या मुलाला बाजूला घेऊन विचारा, स्वतःच्या हाताने किती दात काढलेस? दात काढायला हात बसतो तो माणसाच्याच तोंडात, मेणाच्या ठोकळ्यावर नाही. आणि प्राचार्यांना काही विचारू नका. मी प्राचार्य होतो.

कलम चार. केसवही.

आमच्या महाविद्यालयाला जोडलेल्या दवाखान्यात एकशेदहा खुर्च्या होत्या. इमारत गावाबाहेर, हमरस्त्याला लागून, आणि तिथे बस थांबत नसे. रोज दहाबारा रुग्ण येत. परवानगी टिकवायला रुग्णांच्या नोंदवहीत दीडशे दाखवावे लागत. वर्षातून एकदा तपासणीसाठी बाहेरची मंडळी यायची. त्या दिवशी संस्थाचालक तीन बस धाडून आसपासच्या गोदामांतले हमाल आणि त्यांच्या बायकामुलांना आणवत. जेवणाचे पाकीट द्यायचे, खुर्चीत बसवायचे, पाहुणे पुढे सरकेपर्यंत तोंड उघडे ठेवायला सांगायचे. एकदा एका म्हाताऱ्याला दात काढण्याच्या विभागात बसवले होते. त्याच्या तोंडात एकही दात नव्हता. पाहुण्यांनी वाकून पाहिले, हसले आणि पुढे गेले. त्यांनाही सगळे माहीत होते.

शेवटच्या परीक्षेला बसण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याने चाळीस दात काढलेले असावेत असा नियम होता. रुग्णाचे नाव, दात कोणता, तारीख, आणि पुढे शिक्षकाची सही. माझी मुलगी शेवटच्या वर्षाला होती तेव्हा वर्गात अडतीस विद्यार्थी होते. मी दोन दिवसांत अडतीस वह्यांवर सह्या केल्या. डाव्या हाताने पान उलटायचे, उजव्याने सही.

मुलीची वही मी घरी आणली होती. ती समोर येऊन बसली.

"बाबा, माझे तीनच झालेत."

"माहितेय."

"बाकीच्या सदतीस माणसांची नावं कुठून आणली ते नाही विचारणार?"

"कुठून आणलीस?"

"मतदारयादीतून. सगळ्यांनी तिथूनच आणली."

मी सही करत होतो. "परीक्षा तरी होऊ दे. हात चालायला लागला की सगळं येतं. मी आहे ना."

ती पास झाली. तळमजल्यावरची माझी खोली रंगवून तिला दवाखाना काढून दिला. पहिले सहा महिने रोज तिच्या शेजारी बसेन, असा शब्द दिला होता. नऊ दिवस बसलो. दहाव्या दिवशी मला प्राचार्यपदाचे पत्र आले.

कलम पाच. त्या दिवशी काय झाले.

हे कलम वकीलबाईंनी दोनदा वाचले आणि विचारले, "नक्की ठेवायचं?" नक्की ठेवायचे.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलीचा दवाखाना सुरू होऊन सात महिने झाले होते. महाविद्यालयात तपासणीचा दिवस होता. सकाळी साडेअकराला मी पाहुण्यांना घेऊन दुसऱ्या मजल्यावर होतो, आणि खिशातला फोन वाजला.

मुलीसमोर एक बाई बसल्या होत्या. वय चौतीस, काम शिवणकाम. दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या, शाळेचे गणवेश शिवायच्या.

"बाबा, खालची डावी अक्कलदाढ. तीन दिवस सूज आहे. तोंड दोन बोटंच उघडतंय. आणि हनुवटीखाली दोन्ही बाजूंना कडक लागतंय. लाकडासारखं."

"ताप?"

"आहे. मला हे बरोबर वाटत नाहीये. तुम्ही येता का? की मोठ्या दवाखान्यात पाठवू?"

पाहुण्यांपैकी एकजण दारात थांबून माझ्याकडे बघत होते.

"आज तपासणी आहे, विसरलीस? गोळ्या सुरू कर, दोन दिवसांनी बोलाव. सूज उतरली की काढू."

"पण लाकडासारखं..."

"सांगितलं ना. पेशंटला घाबरवू नकोस."

फोन मी ठेवला. तिने नाही.

ज्यांना यातले कळत नाही त्यांच्यासाठी लिहितो. दाढेचा पू हनुवटीखाली दोन्ही बाजूंना पसरला की तिथला भाग लाकडासारखा टणक होतो, जीभ वर ढकलली जाते आणि श्वासाची वाट बंद होऊ लागते. अशा माणसाला त्याच घटकेला मोठ्या दवाखान्यात न्यायचे असते. तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याच्या तोंडून 'लाकडासारखं' हा एक शब्द निघाला तरी मी त्याला पास करायचो. माझ्या मुलीने तो दोनदा उच्चारला.

जीभ वर आली आहे का, थुंकी गिळता येते का, एवढे दोन प्रश्न विचारायचे होते. मी पाहुण्यांना क्ष-किरण विभाग दाखवायला घेऊन गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बाई ~~दवाखान्यात नेताना वारल्या~~ पहिल्या दवाखान्याने दाखल करून न घेतल्यामुळे दुसऱ्याकडे नेताना गाडीत, नवऱ्याच्या मांडीवर, श्वास कोंडून वारल्या. (ही ओळ साक्षीदार क्रमांक एक यांच्या सांगण्यावरून दुरुस्त केली. समासात दोघांच्या सह्या आहेत.)

कलम सहा. चौकशी.

दंत परिषदेने चौकशी बसवली. लांब टेबलामागे पाच सदस्य, समोर एका खुर्चीवर माझी मुलगी, आणि भिंतीशी मी, महाविद्यालयाचा प्राचार्य म्हणून. तिला पुरेसे शिक्षण मिळाले होते का, असे मला विचारले. मी तिची केसवही पुढे ठेवली. चाळीस दात, चाळीस सह्या.

अध्यक्षांनी वही चाळली आणि मुलीला विचारले, "एवढा अनुभव असूनही लक्षात आलं नाही? त्या दिवशी कोणा वरिष्ठांचा सल्ला घेतला होता का?"

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले. मी मांडीवरची फाइल उघडली आणि त्यातला कोणता तरी कागद वाचू लागलो. बराच वेळ गेला असे मला वाटले. प्रत्यक्षात चारपाच सेकंद असतील.

"नाही," ती म्हणाली.

तिची नोंदणी रद्द झाली. महाविद्यालयाची परवानगी वाढवून मिळाली.

घरी आल्यावर पत्नीने मला पाणी दिले नाही. फोनचे तिला माहीत होते. मुलीने तो केला तेव्हा तीही तळमजल्यावर होती, पडदे लावत होती. ती एवढेच म्हणाली, "आपलेच दात, आपलेच ओठ म्हणून सगळे गप्प बसतात. तुम्ही गप्प बसलात आणि चावलंत तिलाच." त्यानंतर ती चार वर्षे जगली. या विषयावर पुन्हा एक शब्द बोलली नाही, आणि इतर विषयांवरही कामापुरतेच. मुलगी त्याच महिन्यात घर सोडून गेली.

संस्थाचालकांनी निवृत्तीला मला चांदीची पाटी दिली. 'संस्थेच्या पडत्या काळातील आधारस्तंभ' असे तिच्यावर कोरले आहे. ती त्यांना परत पाठवावी आणि पोहोच घ्यावी. सभागृहात माझी तसबीर लावली आहे, ती उतरवायला सांगावे. उतरवणार नाहीत. पण सांगितल्याची नोंद राहू दे.

कलम सात. मुलगी.

जिभेचा अहवाल आला त्याच्या तिसऱ्या दिवशी मी तिला भेटायला गेलो. ती गेली बारा वर्षे कवळ्या बनवणाऱ्या एका कार्यशाळेत काम करते. बोळाच्या टोकाला एक लांबट खोली, खिडकीशी चार टेबले, सगळीकडे पांढरी पूड. तिच्या हातात खालची कवळी होती आणि ती फिरत्या चाकावर घासत होती. मी दारात उभा राहिलो. तिने चाक बंद केले, डोळ्यांवरचा चष्मा वर सरकवला.

"बसा," ती म्हणाली. एक स्टूल पुसून दिले.

मी अहवाल दाखवला. तिने तो नीट, दोन्ही पाने वाचला. "किती दिवस दुर्लक्ष केलंत?"

"चार महिने."

तिने अहवाल घडी करून परत दिला. मग मी सांगितले की सगळे लिहून ठेवणार आहे. फोन, वही, सगळे. माझ्यामागे वकीलबाई ते परिषदेकडे देतील.

"तुमच्यामागे?" तिने विचारले. "म्हणजे तुम्हाला कुणी काही विचारू शकणार नाही तेव्हा?"

मी अहवाल पाकिटात सरकवला.

"आणि हे कुणासाठी, बाबा? माझ्यासाठी असेल तर नको. मला नोंदणी परत नकोय. चूक माझीही होती. मला कळत होतं काहीतरी भयंकर आहे. तरी मी तुम्हाला विचारलं, कारण तुम्ही 'गोळ्या दे' म्हणालात की मी मोकळी. त्या बाईंना मी स्वतः रिक्षात घालून न्यायला हवं होतं."

"मग फोनचं का नाही सांगितलंस? त्यांनी सरळ विचारलं होतं."

तिने कवळी उजेडात धरून फिरवून पाहिली, मग टेबलावर ठेवली.

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते," ती म्हणाली. "समोरच बसला होतात."

चौदा वर्षे मी समजत होतो की तिने मला वाचवले. तिने मला संधी दिली होती.

मी उठलो तेव्हा तिने ती कवळी कागदात गुंडाळता गुंडाळता सांगितले, "हे काम मला आवडतं. सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही उगाच वाईट वाटून घ्याल. उद्या एक आजीबाई येणार आहेत. दोन वर्षांत पहिल्यांदाच चावून जेवतील." कवळी मी मागून घेतली आणि पाहिली. एकतीस वर्षांत माझ्या हातून इतके बिनचूक काम झालेले नाही, हे इथे नोंदवतो.

कलम आठ. परिषदेकडे दिलेला जबाब.

मागे काही ठेवले नाही. गेल्या सोमवारी स्वतः जाऊन लेखी जबाब दिला. त्याची प्रत व शिक्का मारलेली पोहोच सोबत आहे. खिडकीतल्या कारकुनाने तारीख पाहून विचारले, "चौदा वर्षांनी?" "हो." "उशीर माफीचा अर्ज जोडावा लागेल." तोही जोडला. उशिराचे कारण या रकान्यात मी 'भित्रेपणा' असे लिहिले. त्याने ते वाचले, माझ्याकडे पाहिले आणि शिक्का मारला.

सुनावणीला येत्या महिन्याची सव्वीस तारीख मिळाली आहे. शस्त्रक्रिया या महिन्याच्या अठराला ठरली होती. मी ती पुढे ढकलायला सांगितली. डॉक्टर चिडले.

"सर, पाच आठवडे! आज जबड्याच्या कडेला आहे. तोवर मानेत उतरेल. लिहून दिलंय ते पुरेसं नाही का?"

"वहीतही लिहूनच दिलं होतं," मी म्हणालो. "हे तोंडाने सांगायचंय. सव्वीसनंतर जीभ तुमची."

ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मग म्हणाले, "सत्तावीसला सकाळी दाखल व्हा. काही न खाता या."

हा निर्णय सर्वस्वी माझा आहे. माझे बरेवाईट झाल्यास डॉक्टरांना जबाबदार धरू नये. सुनावणीला मुलगी येणार की नाही, हे तिने सांगितलेले नाही. मी विचारलेले नाही.

कलम नऊ. तळमजल्यावरची खोली.

ही खोली त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या पतीच्या नावे करावी असे मी ठरवले होते. ते पाण्याचे पंप दुरुस्त करतात. गेल्या गुरुवारी त्यांच्या दुकानात गेलो. ते एका मोटारीची तार गुंडाळत होते. मी कोण हे सांगावे लागले नाही.

सांगायचे ते मी उभ्यानेच सांगितले. फोन आला होता, मुलीने नीट वर्णन केले होते, मोठ्या दवाखान्यात पाठवू का असे विचारले होते, आणि नको म्हणणारा मी होतो. ते तार गुंडाळतच राहिले. वेढा पुरा झाल्यावर म्हणाले, "मला माहीत आहे."

मला वाटले मी चुकीचे ऐकले.

"त्या संध्याकाळी ती मला म्हणाली, काळजी करू नका, डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या वडिलांना फोन करून विचारलंय. मोठे डॉक्टर आहेत ते. म्हणून आम्ही सकाळपर्यंत थांबलो."

"मग चौकशीत तुम्ही..."

"मला बाहेर बाकावर बसवलं होतं. चार तास. आत बोलावलंच नाही कुणी." त्यांनी हात पुसले. "मग वाटलं, तुम्ही याल. वर्षभर वाटत होतं. पुढे वाटायचं बंद झालं."

मी खोलीचे सांगितले. त्यांनी माझे बोलणे पुरे होऊ दिले.

"ती तिथेच बसली होती ना? त्याच खोलीत?"

"हो."

"मग ती घेऊन मी काय करू? माझी मुलगी आता वीस वर्षांची आहे. दात दुखला तर लवंग धरून बसते, पण डॉक्टरला तोंड दाखवत नाही. तिला सांगू, ही बघ, ही खोली मिळाली आपल्याला?"

"मग मी काय करू, ते सांगा."

दुकानात एक गिऱ्हाईक आले, त्याला उद्या यायला सांगितले. मग मला म्हणाले, "लिहिताय म्हणालात ना? साक्षीदार कोण?"

मी वकीलबाईंना तिथूनच फोनवर विचारून सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते तो साक्षीदार होऊ शकत नाही.

"मला काही नकोच आहे," ते म्हणाले. "मला आधी वाचून दाखवा. जिथे खोटं असेल तिथे मी सांगीन."

म्हणून ही खोली विकावी. घेणाऱ्याने तिथे वाटेल ते करावे, दातांचा दवाखाना सोडून. येणारी रक्कम सरकारी रुग्णालयाच्या दंत विभागाला द्यावी. तिथल्या विभागप्रमुख बाई आपल्या विद्यार्थ्यांना खऱ्या रुग्णांवर, स्वतः शेजारी उभ्या राहून शिकवतात, हे मी जाऊन पाहिले आहे. नऊ दिवस नाही, पूर्ण वर्ष. माझे चिमटे आणि बाकीची हत्यारेही त्यांनाच. कुठेही माझे नाव लावू नये. खोलीतली खुर्ची मात्र कोणाला देऊ नये. भंगारात घालावी.

कलम दहा. किरकोळ.

माझी पुस्तके ज्याला हवी त्याने न्यावीत. फाइली परिषदेने मागितल्यास द्याव्यात, न मागितल्यास मुलीला विचारावे. अंत्यविधी साधा करावा, भाषणे करू नयेत. मुलीला बोलवावे, पण दोनदा बोलवू नये. अंमलबजावणी वकीलबाई करतील. त्यांनी ते मान्य केले आहे.

हे दहा कलमांचे मृत्युपत्र आज दोन्ही साक्षीदारांसमोर मी मोठ्याने वाचून दाखवले. वाचायला बावन्न मिनिटे लागली. कलम पाचमध्ये एकदा थांबावे लागले, ते जिभेच्या दुखण्याने नव्हे. त्यानंतर दोघांच्या देखत सही केली.

स्थळ: तळमजल्यावरची खोली
दिनांक: बारा, शुक्रवार, सकाळी अकरा

(सही)
मृत्युपत्र करणारा

साक्षीदार क्रमांक दोन, निवृत्त मुख्याध्यापिका, शेजारी: लिहून देणाऱ्यांनी माझ्यासमक्ष सही केली. कलम तीनमधील दुरुस्ती शाळेत वाचून दाखवण्याचे मी मान्य करते. (सही)

साक्षीदार क्रमांक एक, पंप दुरुस्ती, स्वतःच्या हाताने: सगळे ऐकले. एक ओळ चुकीची होती, ती त्यांनी माझ्यासमोर सुधारली. लिहून देणारा शुद्धीवर होता आणि त्याने खरे लिहिले आहे, एवढ्यालाच माझी साक्ष. मी त्याला माफ केले, असा अर्थ यातून कोणी काढू नये. (सही)